मुक्या प्रवाशाचे वाहन

आपल्या देवादिकांना वाहनांची कधी वाण पडली नाही. गणपतीला उंदीर, कार्तिकेयाला मोर, विष्णूला गरुड, यमाला रेडा. काळभैरवाने तर श्वानालाच आपले वाहन केले. परंतु खुद्द श्वानाला दूरच्या प्रवासास जावयाचे झाले तर त्याने कोणत्या वाहनातून जावे, हा प्रश्न आपल्या पुराणकारांना सहसा पडलेला दिसत नाही. एक विलक्षण अपवाद आहे. त्याच्याकडे मी शेवटी येणारच आहे. गेल्या वैशाखात हाच प्रश्न घेऊन शेजारच्या माई आमच्या दाराशी आल्या, आणि त्याचे उत्तर देताना मला एक जुना, अंगावर राहिलेला हिशेब उघडावा लागला.

माई आमच्याच गल्लीत, दोन घरे सोडून राहतात. किंबहुना राहत होत्या असे आता म्हणावयास हवे. वय अडुसष्ट. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. चिरंजीव पुण्यास नोकरीला. लष्करातील पिढीजात घर सोडून पुण्यास येण्यासाठी त्याने आईचे मन मोठ्या कष्टाने वळविले. सामानाची बांधाबांध सुरू झाली. अडचण उरली ती बंड्याची. बंड्या हा माईंचा कुत्रा. गावठी, तांबूस रंगाचा, वजनाने पंचवीस किलोंचा, वयाने दहा वर्षांचा, आणि मागच्या पायांत संधिवात भरलेला. सामान नेणारा ट्रक ठरलाच आहे, त्याच ट्रकात एका पिंजऱ्यात त्यालाही घालून द्यावे, वेगळा खर्च कशाला, असे चिरंजीवांचे म्हणणे. ट्रकवालाही तयार. दिवस मात्र ठरला होता मे महिन्याच्या अखेरीचा, म्हणजे आपल्याकडच्या नौतप्यातला.

"भाऊ, तुम्ही शिकलेसवरलेले. ट्रकातून पाठवला तर चालेल ना हो त्याला?" माईंनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. आणि ते इतक्या मोठ्याने म्हणालो की, सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता माईंसाठी पाणी आणावयास गेल्या. कारण ते 'नाही' कोठून आले हे त्यांना ठाऊक होते.

ही गोष्ट २००४ सालची. मी तेव्हा श्योपूरला शिक्षक होतो. मोत्या नावाचा एक कुत्रा आमच्या अंगणातच लहानाचा मोठा झाला होता. मे महिन्यात ग्वाल्हेरला बदली झाल्याचा हुकूम आला. त्या काळी श्योपूर ते ग्वाल्हेर ही दोन फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी चालत असे. सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर कापावयास ती जवळजवळ सबंध दिवस घेई. पण तिच्या डब्याला उघड्या खिडक्या होत्या, वारा होता, स्थानकास्थानकावर पाणी होते, आणि शेळ्या-कोंबड्यांसह प्रवास करणाऱ्या खेडुतांना तिने कधी नाही म्हटल्याचे मी पाहिले नव्हते. सौ. म्हणाल्या, "आपण मोत्याला घेऊन त्या गाडीनेच जाऊ, गार्डाला विचारून पाहा." परंतु मी पडलो सरकारी शाळेतला मास्तर. शेळ्यांच्या गर्दीत कुत्र्याची साखळी हातात धरून बसलेला मास्तर विद्यार्थ्यांच्या पालकांना दिसला तर ते काय म्हणतील, या विचाराने मी ती सूचना हसण्यावारी नेली. सामानासाठी ट्रक केलाच होता. कपाट आणि खाट यांच्यामधल्या बोळकांडीत मोत्याला दोरीने बांधले, वरून ताडपत्री ओढली, आणि मी चालकाशेजारी जाऊन बसलो. सौ. व मुलगी आदल्या दिवशी बसने पुढे गेल्या होत्या.

सबलगडला चहासाठी थांबलो तेव्हा मी ताडपत्री उचलून पाहिले. मोत्या धापा टाकीत होता. तांब्याभर पाणी ठेवले. ते त्याने सांडून टाकले. चालकाला घाई होती. आणि खरे सांगावयाचे तर मलाही होती. दुपारी तीनच्या सुमारास ग्वाल्हेरला पोहोचून ताडपत्री काढली, तेव्हा त्याची जीभ जांभळी पडली होती आणि पाय अंग धरीत नव्हते. आम्ही ओली फडकी घातली, गुरांच्या डॉक्टरांना बोलावले. रात्री नऊच्या पुढे तो गेला. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, "बाबा, तुमच्याजवळ जागा नव्हती का?"

जागा होती. चालकाशेजारच्या बाकावर माझ्याजवळ माझी सुटकेस ठेवलेली होती.

वीस वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट मी घराबाहेर कोणास सांगितली नव्हती. त्या दिवशी माईंना सांगितली, आणि आज या पानावर लिहीत आहे. कारण मोत्याला मारण्याची माझी इच्छा नव्हती, हे जितके खरे, तितकेच त्याला सामानात धरणे ही माझीच निवड होती, हेही खरे. वाहन निवडताना माणूस भाडे पाहतो, वेळ पाहतो, लोक काय म्हणतील ते पाहतो. ज्याला जावयाचे त्याच्या नाकाने आणि त्याच्या पायांनी त्या वाहनात आधी जाऊन पाहावे, हे त्याला सुचत नाही.

पुढे मी या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो, जाणकारांना विचारीत गेलो. मूळ गोष्ट अगदी साधी आहे. आपल्याला उकडले की सर्वांगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नाममात्र. त्याचा सारा भरवसा धापेवर. जीभ बाहेर काढून तो भराभर श्वास घेतो, आणि तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन शरीर थंड राहते. परंतु भोवतालची हवाच तापलेली, कोंडलेली आणि दमट असेल तर ही धाप व्यर्थ जाते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका अधिकच. आणि बंद मोटार म्हणजे प्रत्यक्ष भट्टी! उन्हात उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी वाढते, तासाभरात वीस अंशांहूनही अधिक. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. 'पाच मिनिटांत भाजी घेऊन येतो' असे म्हणून कुत्र्याला मोटारीत कोंडून जाणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत. आपल्या ग्वाल्हेरात तर उन्हाळ्यात बाहेरचाच पारा ४५ अंशांना जाऊन भिडतो.

अज्ञानी मास्तरच तेवढे असे चुकतात असे नाही. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने लायका नावाच्या कुत्रीला 'स्पुतनिक-२' या यानातून पृथ्वीभोवती पाठविले. मॉस्कोच्या रस्त्यावरची ती एक बेवारशी कुत्री. तिच्यासाठी खास कक्ष होता, अन्नपाण्याची व्यवस्था होती; परत येण्याची व्यवस्था मात्र नव्हती. ती काही दिवस जिवंत होती, असे जग पुष्कळ वर्षे समजत होते. उड्डाणानंतर काही तासांतच यानातील उष्णता बेसुमार वाढून ती गेली, हे २००२ साली उघड झाले. तीन वर्षांनंतर, ऑगस्ट १९६० मध्ये, बेल्का आणि स्त्रेल्का या दोन कुत्र्या अंतराळात जाऊन सुखरूप परत आल्या. कारण त्या वेळचे यान परतीचा विचार करून बांधलेले होते. जगातील बुद्धिमंतांनी निवडलेल्या त्या वाहनात आणि मी निवडलेल्या ट्रकात चूक एकाच जातीची होती, हे ध्यानात आले तेव्हा माझे समाधान झाले नाही. उलट लाज वाढली. कारण रशियनांना माहीत नसलेले पुष्कळ काही होते. मला माहीत नसलेले काहीच नव्हते. ताडपत्रीखाली किती उकडते हे मला पुरते ठाऊक होते.

आता वाहनांकडे वळू. माईंसमोर पाटी-पेन्सिल घेऊन बसावे तसा मी कागद घेऊन बसलो आणि एकेका वाहनाची परीक्षा घेतली. कसोट्या चार: हवा खेळती आहे काय, पायाखाली घट्ट आधार आहे काय, ऊन-धुळीपासून आडोसा आहे काय, आणि ओळखीचे माणूस नजरेसमोर आहे काय.

स्कूटर वा मोटारसायकल यांना पहिल्याच फेरीत नापास करावे लागते. पायांपाशी बसविलेला कुत्रा एखाद्या भोंग्याला दचकून उडी मारतो, आणि मग दोन जीव रस्त्यावर येतात. रिक्षा आणि टेम्पो पशुवैद्याकडे नेण्याआणण्यास बरे. हवा भरपूर, माणूस शेजारी. पण तेथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. गळपट्ट्याची साखळी वाहनाच्या दांडीला बांधू नये. कुत्र्याने उडी घेतली तर तो गळफास ठरतो. छाती आणि खांदे यांच्याभोवती बसणारा पट्टा मिळतो, तो घालावा आणि त्याची दोरी आपल्या हातात आखूड धरावी. माल वाहणारे छोटे उघडे वाहन, ज्याला आपल्याकडे सर्रास 'छोटा हाथी' म्हणतात, ते दिसते हवेशीर. परंतु त्याचा पत्रा उन्हात तव्यासारखा तापतो आणि वळणावर पंजे घसरतात. तेच वाहन पहाटेच्या वेळी, जाड सतरंजी अंथरून, पिंजरा घट्ट बांधून आणि सोबत माणूस बसवून नेले तर जवळच्या अंतरास चालू शकते. बंद ट्रक किंवा ताडपत्रीखालची जागा यांविषयी मी अधिक लिहीत नाही.

पिंजरा वापरावयाचा तर त्याचेही माप आहे. आत कुत्र्याला डोके न टेकता उभे राहता आले पाहिजे, सहज वळता आले पाहिजे आणि पाय पसरून निजता आले पाहिजे. त्याहून लहान पिंजरा ही शिक्षा. फार मोठा असेल तर वाहनाच्या धक्क्यासरशी तो आतल्या आत आपटतो. प्रवासापूर्वी आठ-पंधरा दिवस तो पिंजरा घरातच उघडा ठेवून त्यात त्याला निजू द्यावे, म्हणजे ती जागा त्याची स्वतःची होते.

लांबच्या प्रवासास रेल्वे ही आपल्या समाजाची पहिली आवड. तिचे नियम पुष्कळांना माहीत नसतात. शयनयान, खुर्चीयान किंवा वातानुकूलित दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात कुत्रा नेता येत नाही. प्रथम वर्गात नेता येतो. परंतु त्यासाठी दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची खोली सबंध आपल्या नावे असावी लागते, आणि पार्सल कार्यालयात त्याचे वेगळे शुल्क भरावे लागते. लस टोचल्याचा आणि प्रकृतीचा दाखला जवळ हवा. दुसरा मार्ग म्हणजे गार्डाच्या डब्यातील कुत्र्यांची पेटी. ती स्वस्त पडते. पण मालक एका टोकाला आणि कुत्रा दुसऱ्या टोकाला, अशी ती ताटातूट असते. उन्हाळ्यात तो मार्ग मी कोणास सुचविणार नाही. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी स्थानकावर खात्री करून घ्यावी.

सरकारी कायदाही याबाबत मुका नाही. प्राण्याला विनाकारण क्लेश होतील अशा रीतीने त्याची वाहतूक करणे हा १९६० च्या कायद्यान्वये अपराध आहे. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्या-मांजरांचे स्वतंत्र प्रकरणच आहे. निघण्याच्या किमान दोन तास आधी अन्नपाणी द्यावे. उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी पाजावे. भरत आलेल्या गाभण मादीला प्रवासास नेऊ नये. चावऱ्या कुत्र्याला वेगळे न्यावे. हे वाचताना मला वाटले की, नियम करणाऱ्याने कधीतरी कुत्रा पाळलेला असावा.

आणि आपल्या ग्वाल्हेरकरांना तर या विषयाची आच अधिकच वाटावयास हवी. झाशीच्या रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचे राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. परदेशी जातींबरोबर अलीकडे रामपूर आणि मुधोळ या देशी जातींनाही तेथे शिकविण्यात येते. यांपैकी मुधोळ कुत्रा म्हणजे घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातला, म्हणजे आपल्या नात्यातलाच म्हणावयाचा! हे श्वान स्फोटके हुंगण्यासाठी, माग काढण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांत जातात. धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे नाक नीट काम करीत नाही, हे जाणकार सांगतात. तेव्हा प्रवासात दमून-उकडून पोहोचलेला श्वान कामाच्या वेळी व्यर्थ. म्हणजे कुत्र्याला बरे वाहन देणे ही केवळ भूतदया नव्हे. ती शहाणपणाचीही गोष्ट आहे.

आता माईंचा निर्णय सांगतो. प्रथम मी रेल्वेच्या कूप्याकडे झुकलो होतो. परंतु माईंनी एक शंका काढली, जी माझ्या कागदावर नव्हती. "भाऊ, तो घरात कधी करीत नाही. सबंध दिवस-रात्र गाडीत राहिला तर दाबून धरील आणि आजारी पडेल." ही शंका अचूक होती. स्थानकावर गाडी थांबते काही मिनिटे. तेवढ्यात संधिवाताच्या पायांनी फलाटावर उतरावयाचे, जागा हुंगावयाची आणि परत चढावयाचे, हे बंड्याच्या आवाक्याबाहेरचे होते. तरुण, सवयीच्या कुत्र्याला कूपे उत्तम. या म्हाताऱ्याला नव्हे. शेवटी मोटारच ठरली. माईंचा भाचा चालवावयास तयार झाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दिवस बदलला. ट्रक मे महिन्यातच सामान घेऊन गेला. माई आणि बंड्या मात्र दिवाळीपर्यंत येथेच राहिले. चिरंजीव थोडे रुसले. पण आईने एकदा ठरविले म्हटल्यावर त्यांचे काय चालणार?

मधल्या महिन्यांत बंड्याची शाळा भरली. आधी उभ्या मोटारीत नुसते बसणे, मग महाराज बाड्यापर्यंत एक फेरी, मग मुरारपर्यंत, मग एका रविवारी थेट टेकनपूरपर्यंत. त्याला चढता यावे म्हणून सुताराकडून एक रुंद फळी करून घेतली आणि तिच्यावर तरटाचा तुकडा ठोकला, म्हणजे पाय घसरू नयेत. मागच्या आसनावर सतरंजी, अंगावर छातीचा पट्टा, शेजारी माई. पुढच्या आसनावर त्याला बसवावयाचे नाही, आणि खिडकीबाहेर डोके काढू द्यावयाचे नाही, हे दोन दंडक मी घालून दिले. दुसऱ्या दंडकावर बंड्याचे माझ्याशी आजवर मतैक्य झालेले नाही.

दिवाळीनंतर एका पहाटे ते निघाले. शिवपुरी, गुना, ब्यावरा करीत आग्रा-मुंबई रस्त्याने संध्याकाळी इंदूर. तेथे नातेवाइकांकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी सेंधवा, धुळे, नाशिक करीत रात्री पुणे. ज्या मुलखातून आपले पूर्वज शिंद्यांच्या झेंड्यामागून उत्तरेत आले, त्याच मुलखातून एक ग्वाल्हेरी कुत्रा उलट्या दिशेने दक्षिणेत गेला. दर दोन-अडीच तासांनी गाडी थांबत होती. रात्री दहाच्या सुमारास माईंचा फोन आला. "पोहोचलो हो भाऊ. पाणी प्याला, घरभर हिंडून हुंगून आला, आणि आता माझ्या पलंगाखाली निजलाय." मी बरे म्हटले. फोन सौ.नी घेतला, मला आणखी काही बोलता आले नाही.

आता तो राहिलेला अपवाद. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात द्रौपदी आणि चारही भाऊ वाटेत पडल्यावर धर्मराज एकटाच चालत राहिला, आणि त्याच्यामागून एक कुत्रा. इंद्र स्वतः रथ घेऊन न्यावयास आला. रथ उत्तम होता, सारथी देवांचा राजा होता, ठिकाण स्वर्ग होते. फक्त त्यात कुत्र्याला जागा नव्हती. आणि तेवढ्यासाठी धर्मराजाने तो रथ नाकारला. तो कुत्रा म्हणजे प्रत्यक्ष धर्म होता, हे त्याला मागाहून कळले. नाकारताना तो केवळ आपल्या मागून आलेला एक कुत्रा होता.

मी दरवर्षी मुलांना ही कथा शिकवीत आलो. २००४ सालीही त्याच वर्षाच्या आरंभी शिकविली होती.